‘हे तर आपल्या घरी होतं!’

जुन्या वस्तूंच्या शोधाला निघायचं तर ऊर्जानगर ही महाराष्ट्रातली बहुधा सर्वांत गैरसोयीची जागा. पुण्याच्या भावंडांना वाड्याचा माळा असतो, नागपूरच्यांना महालातलं आजोळ असतं. चंद्रपुरातल्या जुन्या वस्तीचे लोक तर जटपुरा, पठाणपुरा अशा गोंडराजांच्या वेशींतून भाजीची पिशवी घेऊन येजा करतात. ऊर्जानगरला यातलं काही नाही. चंद्रपूर औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला आणि वसाहत त्याच्याच आगेमागे उभी राहिली. शंभर वर्षं पुरी झाल्याशिवाय कायदा एखाद्या वस्तूला पुरावस्तू म्हणत नाही. त्या हिशेबानं इथलं पाण्याच्या टाकीपासून क्लबाच्या कॅरमपर्यंत सगळं अजून अल्पवयीन आहे. त्यातही २१० मेगावॉटचे पहिले दोन संच चाळिशी गाठायच्या आतच निवृत्त झाले, म्हणजे शंभरीची आशा करावी असं वातावरणही नाही.

तशी या गावातली सर्वांत जुनी वस्तू रोज हजारो टनांनी येते. गोंडवन थरांतला कोळसा, वय पंचवीस कोटी वर्षांच्या घरातलं. तो कोणी काचेच्या कपाटात मांडत नाही. पीठ करून जाळतात.

तरीही ऊर्जानगरात जुन्या वस्तू मिळतात, त्या लोकांच्या निवृत्तीमुळे. इथं माणसं आली ती बदलीनं. कोराडी, पारस, परळी, भुसावळ, नाशिकचं एकलहरे अशी वीज केंद्रं फिरत फिरत येताना प्रत्येकानं आपापल्या मुलखातलं काहीतरी ट्रकात टाकलं. खानदेशातून पाटा-वरवंटा आला, कोल्हापूरकडून पितळी बंब आला, लातूरकडून कुणाच्या आजीची फणेरपेटी आली. क्वार्टर सोडायचा दिवस आला, की हेच सामान पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मावत नाही, हे मालकाच्या लक्षात येतं. मग कॉलनीत कबाड्याची गाडी येते. तिच्या मागोमाग, आपल्याला घाई नाही असा चेहरा करून, एक ताई आणि एक भाऊ येतात.

या जोडीला नावं द्यायची गरज नाही. ती प्रत्येक लाइनीत एक तरी सापडते. दोघंही याच कॉलनीत वाढलेली. ताई शिक्षिका, बँकेतली किंवा आता नागपुरात संसार थाटलेली; भाऊ बहुधा वडिलांच्याच खात्यात. दोघांना चाळिशीच्या सुमारास अचानक पितळेचं वेड लागतं. त्याआधी याच दोघांनी घरच्या पितळी गुंडाला ‘काय हे जुनाट’ म्हणून नाकं मुरडलेली असतात. या वयात काहींना संधिवात होतो, काहींना संग्रह. ताई-भावाला दुसरं झालेलं असतं.

भावंडाबरोबर जुन्या वस्तू घ्यायला जाण्यात एक मोठा फायदा आहे आणि एक मोठा तोटा आहे, आणि दोन्ही एकच आहेत. वस्तू ओळखायला भावंडासारखा जाणकार नाही. दुकानदार ‘पेशव्यांच्या काळची’ म्हणून दाखवतो ती चिमणी ‘आपल्या क्वार्टरमध्ये लाइट गेली की लावायचो तीच’ हे सांगणारा जगात तो एकच माणूस असतो. पण हे तो मनात सांगत नाही. घरून निघताना सगळं ठरलेलं असतं : वस्तू हातात घ्यायची नाही, आधी भलत्याच वस्तूचा भाव विचारायचा, आवडली तर चष्मा काढून पुसायचा, आणि ‘चल बे, उशीर होऊन राहिला’ असं ताईनं म्हटलं की भावानं गाडीला किक मारायची. भाऊ मान डोलावतो. मग गाडीवरच्या गंजांच्या ढिगातून एक घंगाळ डोकं वर काढतं आणि भाऊ कॉलनीच्या फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतो, ‘काय वो ताई! हे तर आपल्या घरी होतं!’

त्या एका वाक्याची किंमत कबाडी लगेच सांगतो. त्याआधी घंगाळ किलोवर होतं, आता ते नगावर गेलेलं असतं.

हा किलो आणि नग यांच्यामधला फरक हेच या सगळ्या व्यवसायाचं मर्म. भांड्यांच्या दुकानात जुनं पितळ मोडीच्या भावानं जातं. काट्यावर टाकलं की आजीच्या घागरीत आणि तुटक्या नळाच्या तोटीत फरक उरत नाही. तीच घागर चिंचेनं घासून शेल्फवर ठेवली, शेजारी एक मंद दिवा लावला, की तिचं वजन कोणी विचारत नाही. विदर्भातल्या घरांत हे पितळ आलं ते बरंचसं भंडाऱ्याहून. भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव म्हणून पूर्वीपासून ओळखलं जातं. गुंड, कोपर, चरवी, घंगाळ असा संसार लग्नात रुखवतापलीकडे मांडला जायचा. मग स्टेनलेस स्टील आलं. त्याला कल्हई नको, चिंच नको, आंबट कळकत नाही. त्यातून आयांनी एका हिवाळ्यात घरातलं पितळ मोडीत घालून चकचकीत डबे आणले, बोहारणीला जुन्या साड्या देऊन झाकण्या आणल्या, आणि हा सौदा आपण जिंकलो असं त्यांना मनापासून वाटलं. कल्हईवाल्याच्या नवसागराचा धूर ज्यांनी नाकात घेतला आहे त्यांना तो आनंद समजेल. आता त्यांचीच लेकरं तेच पितळ कितीतरी पट पैसे मोजून परत आणतात आणि घरी आणून त्यात खोटी फुलं ठेवतात.

भांड्यांवर घातलेली नावं हा या छंदातला खास मराठी मजकूर. ‘चि. सौ. कां.’पासून सुरू होणारं नाव, कोणत्या मामाकडून, कोणत्या लग्नानिमित्त, तारीख, क्वचित गावसुद्धा. ठोक्या-ठोक्यांनी कोरलेली ही अक्षरं म्हणजे अगदी पक्का दाखला. ताई अशी भांडी हटकून घेते, कारण तारीख असते. तिच्या नवऱ्याची अडचण वेगळी असते. पाहुणे जेवायला बसले की ताटाखालून एक अनोळखी बाई वाचली जाते, आणि ‘या तुमच्याकडच्या कोण?’ या प्रश्नाला घरात कोणाकडेच उत्तर नसतं.

तारीख नसेल तर? इथं चंद्रपूरकरांना एक सोय आहे, जी मुंबई-पुण्याच्या संग्राहकांना नाही. हा जिल्हा जागचा हलला नाही, पण त्याच्यावरच्या पाट्या बदलत राहिल्या. कागदावर, शिक्क्यावर, शाळेच्या बक्षिसाच्या पेल्यावर ‘सी. पी. अँड बेरार’ असेल तर वस्तू साधारण १९५०च्या आधीची. ‘चांदा, मध्य प्रदेश’ असेल तर १९५० ते १९५६, कारण तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. ‘मुंबई राज्य’ असेल तर १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६०, म्हणजे पुरती चार वर्षंही नाहीत, त्यामुळे असा कागद मिळाला तर ताई खुर्चीवर बसते. त्यानंतर महाराष्ट्र. ‘चांदा’चं ‘चंद्रपूर’ १९६४ साली झालं. सिरोंचा, अहेरी, आलापल्ली यांच्यापुढे ‘जि. चंद्रपूर’ लिहिलेलं असेल तर ते २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली जिल्हा वेगळा होण्याआधीचं. आणि नेमप्लेटवर ‘म.रा.वि.मं.’ असेल तर २००५च्या आधीचं, कारण त्या वर्षी वीज मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण झाले. एकाच घरात बसून माणसानं चार राज्यं बघितली, यात राजकारण्यांना काय वाटतं ते वाटो, संग्राहकाला ती पर्वणी आहे.

भाऊ ही पद्धत शिकला, आणि लगेच एक ‘चांदा’ लिहिलेला चिनी मातीचा मग साठ वर्षं जुना म्हणून घेऊन आला. ताईनं उलटा करून बघितला. भद्रावतीचा दारूगोळ्याचा कारखाना आजही ऑर्डनन्स फॅक्टरी चांदाच आहे, आणि गोंदियाकडच्या गाडीचं स्टेशन आजही चांदा फोर्टच आहे. मगावर खाली ‘मायक्रोवेव्ह सेफ’ असंही लिहिलेलं होतं. ते भावाच्या मते नंतर कोणीतरी छापलं असावं.

नाणी आणि मापं यांचंही असंच. १ एप्रिल १९५७ला नया पैसा आला, तेव्हा आणे-पै असलेली वस्तू त्याआधीची किंवा त्याच सुमाराची. शेर-पायली जाऊन किलो-लिटर रुळले ते पुढच्या काही वर्षांत. पण धानाच्या पट्ट्यात, ब्रह्मपुरी-नागभीडकडे, पायली कायद्यानं जाऊनही अंगणातून गेली नाही, म्हणून लोखंडी पायली दिसली की ती पुरातन आहे असं धरू नये. कदाचित म्हातारीनं परवाच त्या पायलीनं तांदूळ मोजला असेल आणि तुम्ही तिचं चालू माप विकत मागत असाल.

वय ओळखण्याची आणखी एक जगभर मान्य रीत म्हणजे धूळ. बाकी ठिकाणी धुळीचा जाड थर म्हणजे वस्तू कैक वर्षं हलली नाही. ही रीत ऊर्जानगरात आणू नये. इथं एका बाजूला कोळशाची खाण, दुसऱ्या बाजूला चिमण्या. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. गॅलरीत आठवडाभर ठेवलेला मिक्सरसुद्धा रघुजी भोसल्यांच्या काळचा वाटायला लागतो. बाहेरगावचा एखादा शौकीन इथं आला तर फसलाच म्हणून समजा.

मात्र खरी फसवणूक धुळीवर थांबत नाही, तिच्यामागं कारागिरी असते. भोंग्याचा ग्रामोफोन घ्या. चकचकीत पितळी कर्णा, लाकडी पेटी, त्यावर कुत्र्याचं चित्र. भावाला तो बघितल्याबरोबर हवा असतो. असे बरेचसे ‘जुने’ ग्रामोफोन आजकाल नव्यानंच जुळवतात : मोटर कुठल्या तरी सुटकेसच्या आकाराच्या जुन्या यंत्राची, कर्णा कालचा, पेटी परवाची. आपल्याकडच्या अनेक घरांत होता तो मुळी कर्ण्याविना, पेटीत मिटणारा, चावीचा ग्रामोफोन. पण तो दिसायला ब्यूटी पार्लरच्या बॅगेसारखा असल्यामुळे त्याला कोणी विचारत नाही. त्यावर वाजणाऱ्या तबकड्या तरी अस्सल जंगलच्या होत्या. ७८ फेऱ्यांच्या त्या तबकड्या लाखेपासून बनत, आणि लाखेचे किडे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढतात. ही झाडं चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात पावलापावलावर आहेत. भाऊ हे ऐकून म्हणतो, मग आपण तबकडी घेऊ. ताई विचारते, वाजवणार कशावर? आणि गाडी पुन्हा कर्ण्यापाशी येते.

एचएमटीच्या घड्याळांचं दुखणं आणखी नाजूक. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बेंगळुरूत १९६१ साली ही घड्याळं बनू लागली आणि पुढची तीनेक दशकं लग्नातल्या जावयाच्या मनगटावर चावीचं एचएमटी हे ठरलेलंच. २०१६ साली सरकारनं हा घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं, आणि ज्या घड्याळांकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं त्यांचे भाव चढले. आता बाजारात लाल, जांभळ्या, मोरपिशी तबकडीची ‘जुनी जनता’ मिळते. यंत्र खरंच जुनं असतं, पण तबकडी कारखान्यानं कधी न काढलेल्या रंगात नव्यानं रंगवलेली असते. भावानं घेतलं ते भगवं होतं. ताई म्हणाली, ‘बाबांचं पांढरं होतं.’ भाऊ म्हणाला, ‘पिवळसर होतं.’ दोघांचंही खरं होतं, ताईनं ते नवं असताना बघितलं होतं आणि भावानं पंधरा वर्षांच्या घामानंतर.

नाण्यांबद्दल तर बोलायलाच नको. जत्रेत, आठवडी बाजारात, चैत्रात महाकालीच्या यात्रेच्या दिवसांत कुठं ना कुठं एक काळपट जाड नाणं हातात येतं : एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण आणि पायाशी मारुती, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८. ईस्ट इंडिया कंपनी नफ्यासाठी काय वाटेल ते करत असे हे खरं, पण रामदरबाराचं नाणं तिनं कोणत्याही टाकसाळीत पाडलं नाही. हे देवळातल्या मुद्रेसारखं, विक्रीसाठी बनवलेलं आहे. भाऊ म्हणतो, देवाचं आहे, घेऊन टाकू. यावर ताईला काही म्हणता येत नाही.

आणि मग मोबाइलवर तो निरोप येतो : ट्रॅक्टरच्या चित्राची पाच रुपयांची नोट किंवा वैष्णोदेवीचं नाणं असेल तर लाखो रुपये मिळतील, फक्त आधी थोडी नोंदणी फी भरा. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ साली निघालं, कोट्यवधी लोकांच्या खिशात गेलं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१मध्ये जाहीरच केलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला काही संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणाकडून फी किंवा कमिशन घेत नाही. याच जातीचा पण वजनदार भाऊबंद म्हणजे ‘राइस पुलर’. तांब्याचं एक भांडं, म्हणे त्यावर वीज पडली, म्हणून ते तांदूळ ओढून घेतं, आणि नासा ते कोट्यवधींना घेते. महाराष्ट्रासह देशभर यात लोकांनी लाखो रुपये घालवले आहेत. ऊर्जानगरच्या माणसाला यात एक वेगळीच गंमत वाटते. वीज लागल्यानं भांड्याला कोट्यवधींचा भाव येत असता, तर इथल्या प्रत्येक क्वार्टरमधलं हीटरचं भांडं एव्हाना अमेरिकेला गेलं असतं.

कायद्याचा विषय आला की भाऊ थोडा हिरमुसतो. त्याच्या स्वप्नात भिंतीवर सांबराचं शिंग असतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं असलं काही खरेदी करणं गुन्हा आहे. परवान्यासह असलेली जुनी शिकारीची वस्तूसुद्धा वारशानं मिळाली तरच हाती येते, विकता येत नाही. रानात आपोआप गळून पडलेलं शिंग उचलून घरी आणलं तरी तेच. ताडोबा हाकेच्या अंतरावर, वीज केंद्राच्या आवारात वाघ-बिबट्यांचे फेरे, आणि याला मेलेल्या जनावराचं डोकं हवं. ‘त्यापेक्षा रात्री मागच्या नालीकडे कचरा टाकायला जा,’ ताई म्हणते, ‘चालतं-बोलतं दिसेल.’ भावाची दुसरी आशा गुप्तधनाची. किल्ल्यांचा मुलूख, बल्लारपूर, वैरागड, भद्रावती, तेव्हा मातीत काहीतरी असणारच. पण १८७८चा निखात निधी कायदा सांगतो, की जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागेल. ही दहा रुपयांची मर्यादा व्हिक्टोरियाच्या काळापासून तशीच आहे. आता दहा रुपयांत खणण्याआधीचा चहासुद्धा येत नाही.

मोठी खरेदी करायची म्हणून ताई-भाऊ मुंबईला गेले, तेव्हा ते ओघानंच चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर पोचले. तिथं एका दुकानात भावाला एक आरामखुर्ची आवडली. दुकानदारानं हातवाऱ्यांसह सांगितलं, ‘सीपी टीक आहे साहेब, असं लाकूड आता मिळत नाही.’ सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. म्हणजे आलापल्ली, म्हणजे बल्लारपूरचा लाकूड डेपो. म्हणजे ज्या गावाहून ही दोघं रात्रभर रेल्वेत बसून आली तेच. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली सागवान गेलं तेही बल्लारपूरहूनच. असं लाकूड आता मिळत नाही हे ऐकताना ताईनं चष्मा काढून पुसायला घेतला. पण भावानं आपण कुठले हे आधीच अभिमानानं सांगून टाकलं होतं. भाव उतरला नाही. दुकानदार म्हणाला, मग तर तुम्हाला हिची किंमत कळायला हवी.

या सगळ्या वस्तू ठेवायच्या कुठं, हा प्रश्न पुण्याच्या दिनकर केळकरांनाही पडला असेल. ते चष्म्याचं दुकान चालवत, ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहीत, आणि गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी जमवत. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं तो संग्रह उभा राहिला आणि पुढे त्यांनी तो राज्य सरकारला दिला. आज त्या संग्रहालयात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत, त्यातल्या अडीच हजारांच्या आसपासच मांडता येतात. राजवाड्यातलं नव्हे, स्वयंपाकघरातलं, देवघरातलं, पानाच्या तबकातलं जपावं ही त्यांची नजर त्या काळात किती वेगळी होती, हे त्या अडकित्त्यांपुढे उभं राहिल्यावर कळतं. ताईचा हा आवडता दाखला आहे. भावाच्या बायकोचा आवडता दाखला वेगळा. नागपूरच्या १८६३ सालच्या मध्यवर्ती संग्रहालयाला लोक अजब बंगला म्हणतात. ती म्हणते, त्यासाठी नागपूरला जायची काय गरज, आमच्या हॉलमध्ये या.

जागेवरून वाटणी आली, आणि वाटणीत घंगाळ आलं. तेच, कबाड्याच्या गाडीवरचं. ताईच्या मते ते टाईप टूच्या क्वार्टरमध्ये, मोरीच्या डाव्या हाताला असायचं, सबब मोठीकडे जावं. भावाच्या मते टाईप थ्रीमध्ये गॅलरीत होतं आणि त्यात त्याला बसवून अंघोळ घालत, सबब जो बसला त्याचं. दोघांच्या घरी फोटोंच्या पेट्या उघडल्या गेल्या. फोटोंत घंगाळ नव्हतं, ताईची दोन वेण्यांची नापसंती तेवढी होती. शेवटी दोघं ते गाडीवर घालून आईकडे घेऊन गेले.

आईनं चष्मा लावला. घंगाळ फिरवून बघितलं, कडा चाचपली.

‘आपल्याकडं कुठं होतं घंगाळ? हे शेजारच्या पाटलीणबाईंचं. त्यांची बदली झाली तेव्हा ट्रकात मावेना म्हणून आपल्याकडं ठेवून गेल्या. परत नेतो म्हणाल्या होत्या.’

‘मग?’

‘मग काय, वाट पाहून मीच मोडीत घातलं आणि तुमचे शाळेचे डबे घेतले. ते हेच होय का, ते मी कशी सांगू? पण असंच होतं.’

आता ते घंगाळ ताईच्या घरी वर्षातले सहा महिने आणि भावाच्या घरी सहा महिने असतं, आणि दोघंही त्याचा खरा मालक शोधून काढायच्या मागं आहेत. फक्त पाटलीणबाई कोराडीला बदलून गेल्या की परळीला, यावर अजून त्यांचं एकमत झालेलं नाही.